मुलाच्या तापासाठी 'रेस्पिरेटरी पॅनेल' करायचं का? एका टेस्टचे साडेचौदा हजार सांगितलेत

मुक्ता_कोथरूड

नमस्कार मंडळी, इथे डॉक्टर, लॅबवाले आणि अनुभवी आईबाबा बरेच आहेत म्हणून धागा काढतेय. मुलगा साडेतीन वर्षांचा. शाळा सुरू झाल्यापासून नाक वाहणं हा आमच्याकडे कायमचाच कार्यक्रम आहे, त्याचं आता काही वाटत नाही. पण यावेळी ताप चौथ्या दिवशीही आहे, १०२ पर्यंत जातो, पॅरासिटामॉल दिलं की उतरतो आणि उतरला की हे महाशय सोफ्यावरून उड्या मारायला मोकळे. खोकला आहे, रात्री जास्त. जेवण नावाला, पण ताक, पेज, पाणी पितोय, शू व्यवस्थित होतेय.

आमचे नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी आहेत म्हणून एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवलं. डॉक्टरांनी दोन मिनिटं तपासलं आणि सीबीसी, सीआरपी (दोन्ही रक्ताच्या टेस्ट), छातीचा एक्सरे आणि 'रेस्पिरेटरी पॅनेल पीसीआर' लिहून दिलं, शिवाय अँटिबायोटिकचं सिरप 'सुरू करून ठेवा' म्हणून. काउंटरला विचारलं तर एकट्या पॅनेलचे साडेचौदा हजार! ओपीडीचं बिल आमच्या इन्शुरन्समधे बसत नाही. नवरा म्हणतो करून टाकू, एकदाचं काय ते कळू दे. सासूबाई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकतायत आणि आम्हा दोघांकडे बघून मान हलवतायत.

तर प्रश्न असे की या टेस्टमधे नक्की काय कळतं, व्हायरस निघाला तर अँटिबायोटिक बंद करता येतं का, आणि एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का की यापेक्षा स्वस्तात काही होतं? उद्या सकाळपर्यंत ठरवायचंय.

---

गंपूचे_बाबा

आम्ही मागच्या पावसाळ्यात केली होती, गंपू तेव्हा अडीच वर्षांचा. आमच्या मते पैसे वसूल. त्याला आधीच दुसरं अँटिबायोटिक चालू होतं, पहिल्याने फरक नाही म्हणून बदललेलं, आणि त्याने जुलाब लागलेले. पॅनेलमधे आरएसव्ही (लहान मुलांच्या छातीत उतरणारा एक व्हायरस) निघाला, डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी अँटिबायोटिक थांबवलं आणि सांगितलं की आता फक्त नाक साफ ठेवा, थोडं थोडं पाजत रहा आणि श्वासावर लक्ष ठेवा. आठवड्याभरात खोकला सोडून बाकी सगळं ठीक. खोकला मात्र नंतरही बरेच दिवस रेंगाळला.

त्यामुळे माझं मत करा. रात्री दोन वाजता डोक्यात जे काही येतं ना त्यापेक्षा रिपोर्ट बरा.

---

पिपेटवाला

मुक्ताताई, मी लॅबमधे मॉलिक्युलर सेक्शनला आहे, हे मशीन रोज चालवतो त्यामुळे आधी आत काय होतं ते सांगतो, मग करायचं की नाही ते तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा.

तुम्हाला सांगितलेलं पॅनेल बहुतेक बायोफायरचं किंवा त्याच्यासारखं असणार. नाकातून एक बारीक मऊ स्वॅब आत घालतात, आत म्हणजे वर कपाळाकडे नाही तर सरळ मागे कानाच्या दिशेने, जिथे नाक घशाला मिळतं तिथपर्यंत. मुलं रडतात पण काही सेकंदांचं काम आहे, बाबांनी मांडीवर घट्ट धरलं तर पटकन होतं. नुसतं नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून आणलेला स्वॅब आला तर मशीन साडेचौदा हजारांचं असो नाहीतर लाखाचं, रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. तो स्वॅब गुलाबी पाण्याच्या ट्यूबमधे येतो. मग एक चपटा प्लास्टिकचा पाऊच असतो, त्यात सगळी रसायनं आधीच वाळवून भरलेली, एका बाजूने पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूने सँपल, पाऊच निर्वातच असतो त्यामुळे तो हवं तेवढं आपोआप ओढून घेतो. मशीनमधे सरकवला की आपलं काम संपलं. पेशी फोडणं, जंतूंचं आरएनए-डीएनए वेगळं करणं, पीसीआर म्हणजे ओळखता यावं म्हणून त्याच्या असंख्य प्रती काढणं, सगळं आतल्या आत. बायोफायरच्या सध्याच्या पॅनेलला पाऊण तास लागतो आणि एकदम २२ जंतू बघतं, १८ व्हायरस आणि ४ बॅक्टेरिया. व्हायरसमधे फ्लू, आरएसव्ही, कोविड, अॅडिनो, एचएमपीव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा वगैरे, बॅक्टेरियात डांग्या खोकल्याचा जंतू, त्याचा एक भाऊबंद, मायकोप्लाझ्मा आणि क्लॅमिडिया न्यूमोनिए. पाऊण तास म्हणजे मशीनमधला वेळ हां, तुमच्या हातात रिपोर्ट कधी पडेल ते सँपल कुठून कुठे जातंय आणि रात्रपाळीला कोण आहे त्यावर आहे.

आता जे काउंटरवर कोणी सांगत नाही ते. न्यूमोनिया करणारा सगळ्यात नावाजलेला बॅक्टेरिया म्हणजे न्यूमोकॉकस, तो या पॅनेलमधे नाहीच. मुद्दाम नाही. कारण तो धडधाकट मुलांच्या नाकातही आरामात बसलेला असतो, सापडला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. म्हणजे पॅनेलमधे 'बॅक्टेरिया निगेटिव्ह' आलं याचा अर्थ छातीत बॅक्टेरिया नाही असा होत नाही, आमच्याकडे रिपोर्ट न्यायला आलेले कितीतरी आईवडील तसंच वाचतात.

आणि उलटंही. पीसीआरला जंतूचा जिवंत-मेला भेद कळत नाही, मागच्या सर्दीतला ऱ्हायनोव्हायरस काही आठवडे नाकात रेंगाळतो आणि पॉझिटिव्ह देतो. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत नाव आहे म्हणून चोरी त्यानेच केली असं नसतं. शाळेत जाणाऱ्या लहान मुलांत एकाच वेळी दोन-दोन तीन-तीन नावं निघतात, मग आईवडिलांचा चेहरा बघण्यासारखा होतो. शिवाय ऱ्हायनो आणि एन्टेरो हे दोन हे पॅनेल वेगळे करून सांगतच नाही, एकाच ओळीत येतात.

---

शंकासुर

म्हणजे थोडक्यात, पॉझिटिव्ह आलं तरी खरं नाही, निगेटिव्ह आलं तरी खरं नाही आणि साडेचौदा हजार मात्र खरे. कोविडनंतर ही मशिनं घेऊन बसलेत सगळे, चालवायला नकोत का! २०२५च्या जानेवारीत बंगळुरूला दोन बाळांत एचएमपीव्ही सापडला तेव्हा टीव्हीवाल्यांनी लॉकडाउनच लागायचा बाकी ठेवला होता आणि आमच्या ऑफिसातल्या एकाने साधं नाक गळतंय म्हणून दोन्ही पोरांची पॅनेल करून आणली होती.

---

पिपेटवाला

@शंकासुर, असं नाही हो. जो जंतू नाकात आहे तो ओळखण्यात ही टेस्ट जबरदस्त आहे, दहा-पंधरा मिनिटांत रेघ दाखवणाऱ्या साध्या रॅपिड अँटिजन कार्डपेक्षा कितीतरी वरचढ, फ्लूच्या बाबतीत तर ती कार्डं बरेच पेशंट सोडून देतात. अडचण टेस्टमधे नाही, ती कुणाची करायची यात आहे. आणि एचएमपीव्ही २००१ सालीच नेदरलँड्समधे सापडलेला आहे, आमच्या मशिनला तो दर सीझनला दिसतोच. त्या जानेवारीत काय फोन आले होते विचारू नका.

---

बाळघुटी

मी बालरोगतज्ज्ञ, तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस. न तपासता सल्ला देणं बरोबर नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

मुक्ताताई, आधी टेस्ट बाजूला ठेवा आणि एक काम करा. मूल शांत असताना किंवा झोपलेलं असताना, ताप उतरलेला असताना, अंगावरचा शर्ट वर करून मोबाईलमधे मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. १ ते ५ वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. २ महिने ते वर्षाच्या बाळात ५०, दोन महिन्यांच्या आत ६०. याला मशीन लागत नाही, आमच्या आशाताई हेच करतात आणि न्यूमोनिया पकडतात. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पोट उडतंय, कण्हतोय, ओठ निळसर, पाणीसुद्धा पीत नाही किंवा ताप उतरल्यावरही मलूल पडून राहतोय, यातलं काहीही असेल तर धाग्यावर प्रतिसादांची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. तुम्ही लिहिलंय तो मुलगा उड्या मारतोय आणि शू करतोय. हे मला त्या बावीस नावांपेक्षा जास्त काही सांगतं.

आता टेस्टचं. मी स्वतःला एकच विचारतो, उत्तर आल्यावर मी वेगळं काय करणार. ऱ्हायनो, पॅराइन्फ्लुएन्झा, एचएमपीव्ही, आरएसव्ही, यातलं काहीही निघालं तरी घरी असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाचा उपचार तोच, ताप, पाणी, आराम, लक्ष. मग कुणाला करतो? वॉर्डात ऑक्सिजनवर असलेलं मूल, कॅन्सरची औषधं चालू असलेलं, हृदयाचा जन्मजात दोष असलेलं, दोन-तीन महिन्यांचं बाळ खोकून खोकून निळं पडतंय आणि डांग्या खोकल्याची शंका आहे. डांग्या खोकल्यात पहिल्या काही आठवड्यांत पीसीआर फार कामाची आहे, योग्य अँटिबायोटिक देता येतं आणि घरातल्या बाकीच्यांनाही औषध देऊन साखळी तोडता येते. आयसीयूत कुठल्या बाळाला कुठल्या खाटेजवळ ठेवायचं हेही यावर ठरतं.

फ्लू ही वेगळी गोष्ट, कारण त्याला औषध आहे. ऑसेल्टामिवीर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोग. पुण्याच्या लोकांना २००९ आठवत असेल, देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यातच झाला, ऑगस्टमधे, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा आणि सँपल सगळे एनआयव्हीला, म्हणजे पुण्यातल्या विषाणू संस्थेला. मी तेव्हा रेसिडेंट होतो. आज जे मशीन अर्ध्या-पाऊण तासात सांगतं ते तेव्हा वॉर्डात हाताशी असतं तर कुणाला गोळ्या द्यायच्या आणि कुणाला घरी पाठवायचं हे ठरवणं किती सोपं झालं असतं. मात्र मूल गंभीर असेल तर आजही रिपोर्टसाठी थांबत नाही, औषध आधी सुरू.

गंपूच्या बाबांना आलेला अनुभव खरा आहे, पण त्यांच्याकडे रिपोर्ट वाचून औषध थांबवणारा डॉक्टर होता. तसं नेहमी होत नाही. फिनलंडमधे ओउलूच्या मुलांच्या इमर्जन्सीत हजाराहून जास्त मुलांवर अभ्यास झाला, २०२२ ला छापून आलाय, काही मुलांची टेस्ट आल्या आल्या केली आणि बाकीच्यांची नेहमीसारखी गरजेनुसार. अँटिबायोटिक दोन्हीकडे जवळपास सारखीच लिहिली गेली, साधारण चारातल्या एकाला. पॅनेलमधे व्हायरस आला तरी डॉक्टरच्या मनात 'पण वरून बॅक्टेरिया असला तर' हे राहतंच, आणि सगळ्यात आधी आईवडिलांची नजर असते की रिकाम्या हाताने पाठवताय का. आमच्याकडे तर अॅझिथ्रो हे अँटिबायोटिक मेडिकलवरून आधीच सुरू करून पोरगं तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येतं.

'सुरू करून ठेवा' याबद्दल लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा की छातीत काही ऐकू आलं का, कान-घसा कसा आहे, कशासाठी देताय. विचारायला लाजू नका.

---

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इकडे आमच्या पीडियाट्रिशियनकडे दारातच छोटं मशीन आहे, नाकातला स्वॅब घेतला की फ्लू, कोविड, आरएसव्ही एवढंच बघतात, आम्ही वेटिंग रूममधे बसेपर्यंत उत्तर. मोठं पॅनेल त्यांनी कधीच सुचवलं नाही, विचारलं तर म्हणाले ते अॅडमिट झालेल्यांसाठी. पण मैत्रिणीच्या मुलाचं अर्जंट केअरमधे कुणीतरी केलं आणि इन्शुरन्सने 'गरज नव्हती' म्हणून हात वर केले, बिल बघून ती बरेच दिवस माझ्याशी दुसऱ्या विषयावर बोललीच नाही.

उपयोग म्हणाल तर डे केअरसाठी होतो. फ्लू आहे म्हटलं की मी ऑफिसला स्पष्ट सांगू शकते आणि आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांना वेगळ्या खोलीत ठेवता येतं. ते छोटं मशीन भारतात पण मिळतं ना पिपेटवाला?

---

पिपेटवाला

हो, मिळतं. जीनएक्स्पर्ट नावाच्या पीसीआर मशिनवर कोविड, फ्लू ए, फ्लू बी आणि आरएसव्ही अशी चारांची एकत्र टेस्ट होते, साधारण ३६ मिनिटांत. पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त पडते, लॅबगणिक दर वेगळा त्यामुळे आकडा लिहीत नाही, फोन करून विचारा. मुक्ताताई, करायचीच असेल तर तुमच्या केसमधे आधी हिच्याबद्दल विचारा. पण चौथा दिवस आहे, डॉक्टर म्हणाले तसं फ्लूच्या औषधाची सोयीची वेळ उलटून गेलीये.

---

मडगावची_माई

सगळं वाचलं. जीनएक्स्पर्टचं नाव निघालं म्हणून थोडं अवांतर, पण अगदीच नाही. माझ्या भाचीच्या मुलीचा खोकला महिनाभर जाईना, वजन वाढेना, संध्याकाळी बारीक ताप. सिरपं बदलून झाली, नेब्युलायझर झाला. एका वयस्कर डॉक्टरांनी विचारलं घरात कुणाला टीबी झालाय का, तेव्हा शेजारी राहणारे आजोबा आठवले, मूल दिवसभर त्यांच्याकडेच. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं, कारण एवढी लहान मुलं बेडका गिळतात, थुंकत नाहीत, आणि ते सरकारी केंद्रात सीबीनॅटला, म्हणजे जीनएक्स्पर्टवरच्या टीबीच्या टेस्टला, पाठवलं. एक पैसा लागला नाही. टीबी निघाला, नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारा निघाला हेही त्याच रिपोर्टात. आता पोर शाळेत जाते.

तेव्हा कळलं की तसलंच ट्रूनॅट नावाचं मशीन आमच्या गोव्यातच, वेर्ण्याला बनतं. बॅटरीवर चालतं, छोटंसं, गावच्या आरोग्य केंद्रात ठेवता येतं. लोक साडेचौदा हजार सर्दीला घालतात आणि जिथे या मशिनाने खरंच आयुष्य बदलतं तिथे कुणाला माहीतच नसतं की ते फुकट आहे.

---

बाळघुटी

माई, अजिबात अवांतर नाही. दोन आठवड्यांच्या वर खोकला किंवा ताप, वजन न वाढणं, घरात किंवा शेजारी टीबीचा पेशंट, अशा मुलाला पीसीआरवाली टेस्ट सगळ्यात आधी, आपल्या टीबी कार्यक्रमातही तसंच सांगितलंय. ट्रूनॅटला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०२० ला मिळाली, जीनएक्स्पर्टला त्याच्या दहा वर्षं आधी. एकच भर घालतो, मुलांत जंतू फार थोडे असतात त्यामुळे निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं आम्ही म्हणत नाही, एक्सरे, संपर्क, वजन सगळं बघूनच ठरवतो. लहान मुलांसाठी शीचं सँपलही आता चालतं, नळी टळते.

---

गंपूचे_बाबा

@बाळघुटी, एक शंका. मग माझ्या मुलाला जो आरएसव्ही निघाला तो खरा होता की गेटवरच्या वहीतला?

---

बाळघुटी

खरा असण्याची शक्यता बरीच. सगळे व्हायरस सारखे नसतात. आशिया-आफ्रिकेतल्या सात देशांत गंभीर न्यूमोनियाच्या मुलांचा मोठा अभ्यास झाला होता, २०१९ ला प्रसिद्ध झाला, त्यांनी हुशारी अशी केली की त्याच भागातल्या निरोगी मुलांच्या नाकातलेही स्वॅब घेतले. ऱ्हायनो दोन्हीकडे भरपूर. आरएसव्ही मात्र आजारी मुलांतच जास्त, निरोगी मुलांत क्वचित. म्हणून आरएसव्ही किंवा फ्लू निघाला तर मी विश्वास ठेवतो, एकटा ऱ्हायनो निघाला तर मुलाकडे बघतो. मायकोप्लाझ्माचंही तसंच, निरोगी मुलांतही मिळतो, तेव्हा पाच वर्षांवरचं मूल, हटवादी खोकला, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद नाही असं चित्र असेल तरच त्या पॉझिटिव्हला अर्थ.

---

शंकासुर

हे असं कुणी ओपीडीत समजावून सांगितलं तर मी कशाला बोंबलत बसेन. वाचनखूण साठवली.

---

मुक्ता_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्रभर धागा वाचत होते. झोपेत मोजलं, ३०-३२ च्या आत, दोनदा मोजून बघितलं, नवऱ्याने वेगळं मोजलं. सकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागला, व्हिडिओवर बघितलं, संध्याकाळी परत येतायत तेव्हा तपासतील. पॅनेल नको म्हणाले, एक्सरेचं मुलाला तपासल्यावर ठरवू, सिरप सुरू करू नका. सीबीसी मात्र करायला सांगितली आणि पावसाळा आहे, ताप लांबलाय म्हणून डेंगीची टेस्ट पण, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज सकाळपासून १०० च्या वर गेला नाहीये आणि वरणभात खाल्ला. सासूबाई याचं सगळं श्रेय ओव्याला देतायत, देऊ दे.

अजून एक विचारते, फ्लूची लस आम्ही एकदाही दिली नाहीये. आता द्यायची का?

---

बाळघुटी

बरा होऊ दे आधी. मग द्या, सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी द्यावी अशी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. पहिल्यांदाच घेताय आणि वय नऊच्या खाली, म्हणून यावर्षी दोन डोस, महिन्याच्या अंतराने. पुढच्या वर्षीपासून एकच, आणि तो पावसाच्या आधी, एप्रिल-मेमधे, आपल्याकडे फ्लू पावसातच डोकं वर काढतो. न्यूमोकॉकसची लस झालीये का तेही कार्डावर बघून ठेवा, पीसीव्ही असं लिहिलेलं असेल.